बोरगावात फुटलेलं नाव

१

जयवंताच्या घराला सकाळी छप्पर होतं आणि दुपारी नव्हतं.

चोरी म्हणावी, तर चोर भरदिवसा टेम्पो घेऊन आले होते. दरोडा म्हणावा, तर त्यांनी दारात चपला काढल्या होत्या. सौंसरच्या ऑफिसातून आलेली ती माणसं शिडी लावून वर चढली, एकेक नट ढिला केला, गारपिटीनंतर संस्थेनंच दिलेले पत्रे अलगद खाली उतरवले, ‘पुनर्तपासणी आहे बाई’ म्हणाली आणि गेली. आत बाजेवर जयवंताची सासू झोपली होती. तोंडावर ऊन आलं तेव्हा तिला वाटलं, कोणीतरी दार उघडं टाकलं.

“दार लाव व जयवंता,” ती ओरडली.

पांढुर्ण्याच्या लॉजवर विनायक सांबारेला ही बातमी कळली तेव्हा तो तर्रीपोहे खात होता. त्याचा घास हातातच राहिला. पत्रे गेल्याचा धक्का नव्हता. पत्ता बरोबर निघाल्याचा होता. बोरगावात एवढी घरं, त्यातलं नेमकं तेच घर उघडं पडावं?

त्या घरातल्या बाईनं संस्थेच्या हेल्पलाइनवर गुप्त तक्रार केली होती. तिचं नाव जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक विनायक. दुसरी दिल्लीत बसणारी त्याची वरिष्ठ, ऋतुजा.

आणि आता ते सौंसरच्या शिडीवाल्यालाही ठाऊक होतं.

२

संस्थेचं नाव ‘फोर रिव्हर्स’. मुख्य कार्यालय जिनिव्हाला. या चार नद्या कोणत्या, हे आजवर कोणत्याही कर्मचाऱ्याला सांगता आलेलं नव्हतं. पण मदत मात्र साऱ्या जगात वाहत होती. जिथं भूकंप, पूर, युद्ध होई तिथं आधी मदत करणारे जात. मग मदत करणाऱ्यांनी तिथं काय दिवे लावले ते पाहायला विनायक जाई. त्याला ‘गैरवर्तन तपासनीस’ म्हणत. भूकंप अधूनमधून होतात. त्यामुळे मदतवाल्यांना थोडी उसंत मिळते. विनायकला मिळत नसे.

गारपिटीनं मध्य प्रदेशच्या सीमेवरल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्र्यांच्या बागा झोडपल्या, घरांची कौलं फोडली, तेव्हा फोर रिव्हर्स इथंही आली. पत्रे सगळ्यांना सारखे मिळाले. शिलाई मशिनी मात्र कोणाला द्यायच्या हे ठरवायचं काम सौंसरचा प्रकल्प अधिकारी वीरेंद्र याच्या हाती होतं, आणि वीरेंद्रची ठरवायची रीत अशी होती की ‘संध्याकाळी एकटी गोदामावर ये, मग पाहू’. जयवंता गेली नाही. तिनं हेल्पलाइनला फोन केला.

तपासाला विनायकला धाडलं, कारण त्याला इकडची बोली येत होती. बोली येण्याचं कारण कोणी विचारलं नाही. तो मूळचा पांढुर्ण्याचा, आणि बोरगाव हे त्याच्या बायकोचं, नलिनीचं माहेर. ‘तपासाशी संबंधित कोणा व्यक्तीशी आपलं नातं आहे का?’ असा प्रश्न जिनिव्हानं विचारला होता. त्यानं प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटलं. अख्ख्या गावाशी नातं आहे का, असा प्रश्न जिनिव्हाला सुचला नव्हता. एका घरचा जावई हा साऱ्या गावाचा जावई असतो, हे तिकडे बर्फात कोणाला माहीत असणार?

तक्रारदाराला झाकायची विनायकची एक खास पद्धत होती. ती तो नैरोबीच्या प्रशिक्षणात शिकवतसुद्धा असे. तिला तो ‘घोळका’ म्हणे. एकाच बाईला भेटलं तर ती उघडी पडते. म्हणून आणखी पाच घरी जायचं, तितकाच वेळ बसायचं, चहा प्यायचा, मशीन नीट चालते का, तेल मिळतं का असलं निरुपद्रवी काहीबाही विचारायचं. बाहेरून पाहणाऱ्याला कळू नये, साहेब कोणत्या घरात खरं काम करून गेला. ही पद्धत दक्षिण सुदानच्या जुबात चालली होती, कॉक्स बझारला चालली होती.

बोरगावातही त्यानं नियम काटेकोर पाळले. सहाही घरी सारखाच वेळ बसला. सगळीकडे पायावर पाणी, गूळ, चहा झाला. स्थानिकांचं मन दुखावू नये म्हणून छोटी भेट स्वीकारायला नियमाची हरकत नव्हती. तक्रारदाराकडून मात्र चहापलीकडे सुतळीचा तोडाही घ्यायचा नाही, असं कलम होतं. तेही त्यानं पाळलं. लॉजवर परतला तेव्हा खुंटीवर लाल काठाचे दुपट्टे होते, टेबलावर नारळ होते आणि मनात समाधान होतं.

दुसऱ्याच दिवशी पत्रे गेले.

ऋतुजाचा फोन आला. ती वयानं लहान, हुद्द्यानं मोठी. त्यामुळे त्याला ‘सर’ म्हणून झापत असे.

“सर, नाव फुटलं. आता तक्रार बंद करावी लागेल.”

“बंद? गुन्हा वीरेंद्रनं केला आणि तक्रार बंद?”

“तक्रारदाराच्या सुरक्षिततेसाठी. गळती कुठं आहे हेच माहीत नसेल तर आपण तिला आणखी धोक्यात कसं टाकणार? शुक्रवारपर्यंत मला भोक दाखवा, सर. बुजवता येण्यासारखं असेल तर तपास चालू राहील. नाहीतर फाइल बंद.”

“आणि वीरेंद्र?”

“तो आहे तिथंच राहील. मशिनींचा दुसरा ट्रक पुढल्या आठवड्यात निघतोय.”

३

जयवंताच्या घरी पुन्हा जाणं शक्य नव्हतं. विनायकनं तिला जामसांवलीला बोलावलं. मारुतीच्या दर्शनाला आलेल्या गर्दीत कोण कोणाशी बोलतो इकडे कोणाचं लक्ष नसतं. जो तो आपापली फिर्याद घेऊन आलेला.

नारळांच्या दुकानामागे ती उभी होती. तिशीची, उंच, डोक्यावर पदर. रडलेली दिसत नव्हती. त्यामुळे विनायकला जास्तच अपराधी वाटलं.

“तुम्ही म्हणले होते, नाव कुठी जात नाही,” ती म्हणाली.

“म्हणालो होतो.”

“गेलं न मंग.”

“मी शोधतोय, जयवंताबाई. तुम्ही कोणाला बोललात? नवऱ्याला?”

“थे नागपूरले गाडीवर. त्याईले पत्रे गेल्यावरच कळलं. म्हणून राहिले, वापस घे तक्रार. आता कोणाकोणाले वापस घेऊ? माह्या डोक्यावर आभाळ आहे, थे वापस घेते का कोणी?”

“आणि घरात? सासूबाई?”

“थे त माह्याशी बोलूनच नाही राहिली.” जयवंता बोटांवर मोजू लागली. “एक, मी असं वंगाळ बोलणं फोनवर केलं म्हून. दुसरं, पत्रे गेले म्हून. तिसरं, तुमाले घरून तसंच जाऊ देलं म्हून. चौथं, भाजीत मीठ कमी. चौथ्याचं खरं आहे.”

विनायकला हसू आलं. “लोकांना कधी कळलं? काही अंदाज?”

“तुम्ही आले त्याच सांजले. मी नळावर गेली त बाया चूप झाल्या. हे समजते न जी. बाई बोलली त समजत नाही, चूप झाली का समजते.”

त्याच संध्याकाळी! तेव्हा तर विनायकनं कागदावर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. दिल्लीला फोनही केला नव्हता. म्हणजे गळती जिनिव्हात नव्हती, दिल्लीत नव्हती, कॉम्प्युटरात नव्हती. ती बोरगावातच, पायांवर चालत फिरली होती.

“बाई, मागं घ्यायची असेल तर—”

“मी म्हणली का?” ती एकदम उसळली. “पत्रे देऊन मंग काढून नेते, त्याच्या हाती उद्या मशिनी येतीन. गावात पोरी आहेत. तुम्ही तुमचं भोक शोधा, जवाईबापू. मी हाओ इथंच.”

आणि ती दर्शनाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिकडे निदान तक्रार बंद होत नव्हती.

४

त्या दिवशीच्या भेटींशी विनायकखेरीज तीन माणसांचा संबंध होता. त्यानं एकेकाला गाठलं.

पहिली प्राजक्ता. सौंसरच्या ऑफिसातली सहायक, भेटी तिनंच ठरवल्या होत्या. सहा घरांची नावं तिला ठाऊक; पण त्यांत खरं कोणतं, ते नाही. विनायकनं खुर्ची ओढली तशी ती म्हणाली, “मीच आहे ना संशयित?”

“सगळेच आहेत.”

“सर, सगळे म्हणताना तुम्ही माझ्याकडेच पाहून राहिले.” तिनं रागानं पेन आपटलं. “मला माहीत असतं, तर मीच तिला सांगितलं असतं की बाई, सावध राहा. वीरेंद्र सर दुपारी बोरगावला गेले होते. स्वतःच सांगत होते, तुम्ही शेवटच्या घरातून निघाले तेव्हा ते पानठेल्यावर उभे होते. येऊन खुशीत होते. आम्हाला सगळ्यांना समोसे खिलवले.”

“कुणाशी बोलले पानठेल्यावर?”

“मी समोसे खाऊन राहिली होती, सर. दुर्बीण नव्हती माझ्यापाशी.”

दुसरा संदीप, गाडीचा चालक. दिवसभर तो रस्त्यावर लिंबाखाली गाडीत झोपला होता, आणि हे त्यानं अभिमानानं सांगितलं. “साहेब, मी काही ऐकत नाही, पाहत नाही. गैरवर्तनवाल्या साहेबाची गाडी चालवाची म्हणजे डोळे मिटूनच चालवाची.”

“चालवताना?”

“उभी असताना हो.” तो गडबडला. मग गळा साफ करत म्हणाला, “पण एक आहे साहेब. दर घरून आले का तुम्ही हातातलं सारं मागं ठेवलं गाडीत. मी म्हटलं, चला, साहेबाचा मान झाला गावात. एवढंच पाहिलं. ते बी आरशात.”

तिसरा केशवराव, नलिनीचा थोरला भाऊ. संत्र्यांचा बागाईतदार, आवाज असा की शेजारच्या बागेतली पाखरं उडावीत. गावात जावई एकटा हिंडत नसतो, म्हणून तो घरोघर बरोबर आला होता. मात्र आत न जाता बाहेर ओट्यावर थांबला होता. आतलं काही ऐकलं असेल तर यानंच.

“मी ऐकलं?” केशवराव केवढ्यानं तरी म्हणाला. “अहो जवाईबापू, माह्या तोंडात तंबाखू अन् कानात रेडिओ. मी काय ऐकतो?”

“मग दुपारी मी निघाल्यावर पानठेल्यावर गेलात ना? तिथं काय बोललात?”

केशवरावनं खाली पाहिलं. इतका मोठा माणूस असा खाली पाहू लागला की काहीतरी असतंच.

“थे तुमाले सांगण्यासारखं नाही,” तो म्हणाला. “आमच्या गावाची इज्जत आहे. तुमच्या कानावर नोको पडाले म्हून चूप आहो. नलीची शप्पथ, मले विचारू नका.”

आणि बायकोच्या भावानं बायकोची शपथ घातल्यावर जगातल्या कोणत्याही तपासनिसाला पुढं जाता येत नाही.

५

वीरेंद्रला भेटणं हा त्या आठवड्यातला सर्वात सुगंधी प्रसंग होता. अत्तर, इस्त्री, टेबलावर ‘मानवता प्रथम’ अशी पाटी. सौंसरच्या जुन्या व्यापारी घरातला पोरगा. माणसाला खुर्ची देताना खुर्चीवर उपकार करतो असं वाटावं इतका सभ्य.

“तक्रार? कसली तक्रार?” तो म्हणाला. “माझ्याविरुद्ध? सर, मला खरंच काही कल्पना नाही. कोणी केली, काय केली, मला कसं कळणार? ते तर गुप्त असतं ना?”

“गुप्त असतं.”

“मग! पत्र्यांचं म्हणाल तर पुनर्तपासणी आहे. कोणतंही घर उचलायचं. नशिबानं त्या बाईचं निघालं.”

“एकच घर?”

“सुरुवात कुठून तरी करावीच लागते, सर.”

तो गोड हसला. खोटं बोलणारी माणसं विनायकनं पुष्कळ पाहिली होती, पण हा तर निवांत होता. त्याला कोणी फितूर झाकायचा नव्हता, कोणाचे पैसे चुकवायचे नव्हते. ज्याला कोणी काही सांगितलेलंच नाही असा माणूस इतका निवांत असतो. हे विनायकच्या मनात आलं आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही. कोणी सांगितलं नाही, तर कळलं कसं?

लॉजवर परतला तोच नलिनीचा दिल्लीहून फोन.

“तुमची काय फजिती केली म्हणे आमच्या गावानं?”

विनायक ताडकन उठून बसला. “तुला काय माहीत?”

“मला काय, सगळ्या माहेराला माहीत आहे. तुम्ही गेले त्याच सांजेला काकूचा फोन. म्हणे, जयवंतानं जवाईले उघड्या खांद्यानं घराबाहेर काढलं. दादा तर पानठेल्यावर सगळ्यांसमोर भडकला. पाच घरी मान, अन् एका घरी अपमान! मी म्हटलं, काकू, तिच्या घरी काही नसेल बाई. तर काकू म्हणे, तिची सासू सांगते, दुपट्टा हातात घेऊन उभी होती, जवाईनंच नाही घेतला; पण गावात कोणी ते मानत नाही. मग मला सांगा, तिच्याकडून नाही घ्यायचा असं काय होतं तिच्याशी तुमचं?”

विनायक फोन कानाला धरूनच उभा राहिला.

“अहो? ऐकून राहिले ना?”

त्यानं खुंटीकडे पाहिलं. पाच दुपट्टे. पंख्याच्या वाऱ्यावर ते सावकाश हलत होते, जणू एकेक मान हलवून ‘हो’ म्हणत होता.

६

दुसऱ्या दिवशी सौंसरच्या ऑफिसात त्यानं सगळ्यांना बोलावलं. प्राजक्ता रजेचा अर्ज लिहूनच आली होती. संदीप दाराजवळ उभा राहिला, तशीच वेळ आली तर गाडी काढायला. केशवराव इस्त्रीचा सदरा घालून आला. वीरेंद्रनं सगळ्यांसाठी चहा मागवला. ऋतुजा लॅपटॉपच्या पडद्यावर दिल्लीहून पाहत होती.

“ज्यानं नाव फोडलं,” विनायक म्हणाला, “तो या खोलीत आहे.”

प्राजक्तानं केशवरावकडे पाहिलं. केशवरावनं संदीपकडे. संदीपनं गाडीच्या किल्लीकडे.

“बाहेर हे नाव त्याच संध्याकाळी पोहोचलं. म्हणजे लेखी काही नव्हतं. ऑफिसातून कोणी बोललं नाही, कारण ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. गाडीतून नाही, संदीप झोपला होता, आणि तो झोपला की खरंच झोपतो. घरातून नाही, त्या घरातल्या माणसांना स्वतःलाच नंतर कळलं. केशवराव, तुम्ही पानठेल्यावर भडकलात ते कशाबद्दल?”

“मी नाही सांगत.”

“मीच सांगतो. जावई सहा घरी गेला. पाच घरांतून निघाला तेव्हा त्याच्या खांद्यावर दुपट्टा होता, हातात नारळ होता. एका घरातून निघाला, तेव्हा खांदा उघडा होता. जावयाला कोणी उघड्या खांद्यानं जाऊ देत नाही. त्याचा बोभाटा झाला. बरोबर?”

“गावाची इज्जत गेली जी!” केशवरावच्यानं राहवलं नाही. “मी म्हटलं मंग, असं कोणी करते का? चार माणसात बोललो. चुकलं का माह्यं?”

“नाही. चुकलं जावयाचं. पाच घरी तो पाहुणा म्हणून गेला होता, तिथं त्यानं मान घेतला. सहाव्या घरी तो तपासनीस म्हणून गेला होता, तिथं त्याला घेता येत नव्हतं. नियम होता. त्यानं नियम पाळला, आणि स्वतःच्या खांद्यावर पाटी लावून गावभर हिंडला की खरं काम कुठं झालं.” विनायक पडद्याकडे वळला. “ऋतुजा, नाव मी फोडलं. कोणाशी न बोलता.”

प्राजक्तानं रजेचा अर्ज हळूच पर्समध्ये घातला.

आणि तेवढ्यात वीरेंद्र मोकळेपणानं हसला. ओझं उतरलेल्या माणसासारखा.

“मंग! मी हेच तर म्हणून राहिलो होतो मनात!” इस्त्रीची भाषा सुटून तो घरच्या भाषेत आला. “मला कोणी सांगितलंच नाही, सर. दिसूनच राहिलं होतं! मी पानठेल्यावर उभा, तुम्ही जयवंताच्या घरून उघड्या खांद्यानं निघाले, गाडी गेली, अन् केशवकाका ठेल्यावर येऊन ओरडून राहिले. मी तेव्हाच समजलो, हीच ती बाई. याच्यात माझा काय दोष? कोणीही समजलं असतं!”

“कोणीही?” विनायकनं विचारलं. “बाकी सगळ्या गावाला वाटलं, तिनं जावयाचा अपमान केला. तक्रार केली, असं फक्त एका माणसाला वाटलं. जो तक्रारीची वाट पाहत होता.”

वीरेंद्रचं हसू तिथंच राहिलं. ते खाली उतरवायला त्याला नट सापडेना.

“मी त्या घराचं नाव घेतलं नव्हतं,” विनायक म्हणाला. “काल तुम्हाला तक्रारीची कल्पना नव्हती. ‘नशिबानं त्या बाईचं निघालं’ म्हणालात. आज म्हणता, त्याच दुपारी कळलं होतं. म्हणजे कळलं आधी, पत्रे काढले नंतर.”

“सर, मी तर जनरल बोललो—”

“वीरेंद्र,” पडद्यातून ऋतुजा म्हणाली, “चाव्या प्राजक्ताकडे द्या. गोदामाच्याही.”

संदीप दारातून बाजूला झाला. वीरेंद्र गेला तरी अत्तर बराच वेळ थांबलं.

“सर,” ऋतुजा मग म्हणाली, आणि तिचा आवाज उतरला होता, “भोक सापडलं. ते बुजवावं लागेल.”

“माहीत आहे.”

“तुम्ही या तपासातून बाहेर. आत्तापासून. तक्रारदाराशी बोलायचं नाही, साक्षीदाराचं ऐकायचं नाही. फाइल मी घेते. पत्रे आज परत लागतील. पण बदला घेणं एवढंच सिद्ध झालंय. मूळ तक्रार अजून एकाच बाईच्या शब्दावर उभी आहे. तो म्हणेल, मशीन मिळाली नाही म्हणून खार खाल्ला. वकील आणेल. तिच्या शब्दाला जोड मिळाली नाही तर सहा महिन्यांत तो दुसऱ्या कोणत्या तरी संस्थेत मानवता प्रथम करत असेल.”

७

निघण्याआधी विनायक केशवरावच्या घरी निरोप घ्यायला गेला. केशवराव शरमिंदा होऊन संत्र्यांची पेटी बांधत होता. गारपिटीतून वाचलेली, डागाळलेली; पण जावयाला देण्यासाठी त्यानं एकेक पारखून घेतलेली.

अंगणात एक बाई आली. मागं थोड्या अंतरावर जयवंता. विनायकनं जयवंताकडे न पाहण्याचा नियम पाळला आणि पुढच्या बाईकडे पाहिलं. घोळक्यातली. तिसरं घर का चौथं, त्याला आठवेना.

“भाऊजी, मी सरला. तुम्ही माह्या घरी आले होते.”

“हो, हो. चहा चांगला होता, सरलाताई.”

“तुम्ही मले विचारलं, मशीन बराबर चालते का. मी म्हणली, चालते. मंग तुम्ही म्हणले, तेल भेटते का. मी म्हणली, भेटते.”

“हो.”

“मंग तुम्ही उठले.”

केशवरावनं हातातली दोरी खाली ठेवली.

“मी सासूले मुद्दाम वावरात धाडलं होतं त्या दिवशी,” सरला म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. “नवऱ्याले बाजारात. म्हटलं, एवढ्या दूरून साहेब येते, थो तेलाचं विचाराले थोडीच येते? आता विचारीन, मंग विचारीन. तुमचा चहा संपला. मी अजून टाकू का म्हणली. तुम्ही म्हणले, नको. अन् दुपट्टा घेऊन गेले. भाऊजी, मले मशीन कशी भेटली, हे तुम्ही विचारलंच कुठी?”

त्याला नैरोबीचा वर्ग दिसला. फळ्यावर त्यानंच काढलेली सहा वर्तुळं, एक भरीव, पाच पोकळ. पोकळ वर्तुळांत काही असेल, असा प्रश्न वर्गात एकाही शहाण्यानं विचारला नव्हता. त्यानंही नाही.

“गोदामावर मी—” सरलानं सुरू केलं.

“थांबा.” त्यानं हात वर केला. “मला सांगू नका.”

तिचा चेहरा जो उघडत होता, तो मिटू लागला. “आताबी नाही?”

“तसं नाही. मी ऐकलं तर ते वाया जाईल. मला ऐकायची बंदी आहे, ताई. पण ऐकणारी आहे.”

त्यानं फोन लावला. ऋतुजानं उचलला तसा त्यानं फक्त “कोणीतरी तुमच्याशी बोलणार आहे, मी बाजूला जातो” एवढं म्हटलं आणि फोन सरलाच्या हातात दिला. ती फोनकडे पाहत राहिली. आयुष्यभर कोणी विचारलं नाही, आणि आता विचारणारीचा नुसता आवाज. विनायकला वाटलं, ती परत देणार.

जयवंता पुढं आली, ओट्यावर बसली आणि सरलासाठी बाजूला सरकली. सरला बसली. फोन कानाला लावला. “हाव, मी बोलून राहिली,” म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसतीच बसली. पलीकडून कोणी घाई केली नसावी. कारण थोड्या वेळानं तिचे ओठ हलायला लागले.

विनायक अंगण ओलांडून बागेत गेला. आणखी पुढं, जिथून आवाज येणार नाही इतक्या लांब. उन्हात उभा राहिला. कुंपणापलीकडे पाण्याची घागर घेतलेली एक बाई थबकली होती. ओट्याकडे पाहत होती, पुढं जात नव्हती. घागर डोक्यावर तशीच. तिच्या घरीही तो गेला होता का? त्याला आठवेना, आणि आता विचारायचा अधिकारही नव्हता.

केशवराव हळूच मागं येऊन उभा राहिला. आयुष्यात प्रथमच तो कुजबुजला.

“काय सांगून राहिली थे, जवाईबापू?”

“मला माहीत नाही,” विनायक म्हणाला.

केशवरावनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. खोटं बोलतो का ते बघितलं. मग तोही ओट्याकडे पाठ करून, विनायकच्या शेजारी, बागेकडे तोंड करून उभा राहिला.